हाताचं वळण

आठल्येबाईंनी मोठ्या पडद्यावर चौकोनाच्या तीन बाजू काढल्या, आत पाच रेघा भरल्या आणि शेवटी तळाची रेघ ओढून चौकोन बंद केला. 国. म्हणजे देश.

"आधी माणसं आत, मग दार बंद," त्या म्हणाल्या. "दार आधी लावलंत तर माणसं बाहेर राहतील."

वर्गातल्या बावीस जणांनी आपापल्या पाटीवर तेच गिरवलं. बाईंसकट प्रत्येकाच्या हातात वळणी होती. दिसायला साधी लेखणी, पण आत दोन इवल्या मोटारी. चिनी अक्षरातल्या रेघांचा क्रम ठरलेला असतो. हात चुकीच्या रेघेकडे निघाला की वळणी त्याला अलगद ओढून योग्य जागी आणायची. दोनेक महिन्यांत हाताला वळण लागायचं आणि ओढ शून्यावर यायची. पुण्यातल्या या वर्गात वळणीची चाचणी चालू होती. ती घडवणारा इरफान तांबोळी मागच्या बाकावर बसून प्रत्येकाची ओढ मोजायचा.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो बाईंजवळ आला.

"मॅडम, तुमची वळणी बदलून देतो. बिघडलीय बहुतेक. शेकडा एकेचाळीस ओढ दाखवतेय."

"मागच्या महिन्यात किती होती?"

"अठरा."

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कागदावर तेच अक्षर काढलं. आधी अख्खा चौकोन, मग आतल्या रेघा. कागदावर उमटलेलं अक्षर अगदी बरोबर होतं. पण इरफानने क्रम पाहिला होता, आणि त्याने तो पाहिला हे बाईंनी पाहिलं.

"वळणी ठीक आहे रे," त्या म्हणाल्या.

एकोणतीस वर्षं त्या चिनी शिकवत होत्या. तरुणपणी चीनमधल्या तिएनजिन शहरात शिकताना त्या पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने फरशीवर अक्षरं गिरवायच्या. पहिलं अक्षर वाळायच्या आत ओळ पुरी झाली नाही, तर सगळं पुन्हा. हिवाळ्यात पाणी गोठायचं, तेव्हा कुठे सुट्टी मिळायची.

तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, गोळ्यांनी वेग कमी होईल, पण थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. इरफान सोबत गेला होता, कारण बाईंना दुसरं कोणी नव्हतं. परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "ओढीला मर्यादा घातलीयस ना तू?"

"हो. शेकडा पन्नास. त्यापुढे हात लिहीतच नाही, लेखणीच लिहिते. शिकणाऱ्याला काय उपयोग त्याचा?"

"मी कुठे शिकतेय? माझ्या वळणीची मर्यादा काढून टाक."

"मॅडम, हे बरं नाही."

"घरी बसून मी कोण असणार, सांग ना? वर्गात निदान मला बाई म्हणतात."

त्याने दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी मर्यादा काढली आणि चाचणीच्या अहवालातून बाईंची नोंद वगळली.

पुढचे सात महिने वर्ग उत्तम चालला. बाईंच्या जुन्या लिखाणावरून वळणीने त्यांची लकब उचलली होती, आणि रोजचा धडा इरफान तिच्यात आदल्या दिवशीच भरून ठेवायचा. बाईंचं अक्षर इतकं देखणं कधीच नव्हतं, असं जुने विद्यार्थी म्हणायचे. ओढ अठ्ठावन्न झाली, त्र्याहत्तर झाली, नव्वदच्या वर गेली. मग इरफानने त्यांचा आकडा बघणंच सोडलं.

फेब्रुवारीत नवी तुकडी आली. पहिल्याच तासाला बाईंनी पडद्यावर नऊ रेघांचं एक अक्षर काढलं. कुठे अडखळणं नाही, कुठे थरथर नाही. एक मुलगी न राहवून म्हणाली, "वा! मॅडम, याचा अर्थ काय?"

बाई अक्षराकडे बघत राहिल्या. वर्ग वाट बघू लागला. शेवटी इरफान मागूनच म्हणाला, "वसंत. वसंत ऋतू." मुलांनी अर्थ उतरवून घेतला आणि माना खाली घालून ती गिरवू लागली.

बाई बाकांमधून चालत त्याच्याजवळ आल्या आणि वाकून, पडद्याकडे बोट दाखवत हलक्या आवाजात म्हणाल्या, "किती सुरेख अक्षर आहे. कोणी काढलंय?"

"तुम्हीच, मॅडम."

"छे, मला कुठे येतं हे?" त्या संकोचून हसल्या. हातातली वळणी त्यांनी त्याच्यापुढे धरली.

"मला शिकवाल?"