चंद्रावरचा थेंब

बाटलीच्या टोकाला लोंबणारा थेंब पडता पडत नव्हता. आधी तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, आणि तेव्हा कुठे सुटून सावकाश आत्याआजीच्या डोळ्यात उतरला. बरंचसं औषध गालावर ओघळलं. चार्वीने हे आज पहिल्यांदाच नीट पाहिलं, कारण आज ती पहाऱ्याला बसली होती.

भयंकर रागावली होती ती. काल चंद्रतळाच्या बोळात आत्याआजी कडेच्या ट्रॉलीवर आदळली, आणि तिने तीन आठवडे कुणाला न सांगता औषध बंद ठेवल्याचं उघड झालं. तिला काचबिंदू होता (डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस चेपत जाण्याचा आजार). त्यात बहुधा कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही.

"मला खोटं बोलू नकोस म्हणतेस, आणि स्वतः?" चार्वीने सुनावलं होतं.

आत्याआजी तिच्याहून भडकलेली. औषध घातलं की तिला भोवळ येई. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी कळवलं, वय झालं, परत या. तळावरचा औषधांचा यंत्रमानव, सगळ्यांचा वैद्यबुवा, एकच पालुपद धरून होता: एक थेंब, दिवसातून दोनदा. परतीच्या यानात जागा हवी का, याचं उत्तर ती चार महिने टाळत होती. एकदा गेल्यावर या वयात तिला पुन्हा येऊ देणार नव्हते, आणि ती करत असलेला चंद्रावरच्या खडकांचा नकाशा अर्धाच झाला होता.

आज थेंब घातल्यावर दहा मिनिटांत आत्याआजीची नाडी अठ्ठेचाळीसवर आली, आणि भोवळ सुरू झाली. डोळ्यातल्या औषधाने हृदय कसं मंदावतं, चार्वीने घुश्शातच विचारलं.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं, आत्याआजी म्हणाली. त्या पेशींना 'घाई करा' हा निरोप जिथून मिळतो, ते दरवाजे हे औषध बंद करतं. पाणी कमी, म्हणून दाब कमी. पण तसेच दरवाजे हृदयालाही असतात. डोळ्यात न मावलेलं औषध अश्रुनलिकेतून (डोळ्यातून नाकात जाणाऱ्या बारीक नळीतून) नाकात उतरतं, आणि तिथून रक्तात.

"मग थेंब एवढा लठ्ठ का?"

आत्याआजीने बाटली तिच्याकडे सरकवली. प्रयोगशाळेतल्या मोजनळीने चार्वीने थेंब मोजला. पृथ्वीवरच्या थेंबाच्या सहापट.

थेंबाला टोकाशी धरून ठेवतो तो पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाची ओढ), खाली खेचतं ते वजन. चंद्रावर वजन सहावा हिस्सा. म्हणजे सुटण्यासाठी सहापट द्रव साठावा लागतो.

"मी एकच थेंब सांगितला होता, ताई," वैद्यबुवा म्हणाला.

"कुठला थेंब, गाढवा?" आत्याआजी कडाडली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "वीस वर्षं इथे दगड तोलतेय. थेंब नाही तोलला."

दुसऱ्या दिवसापासून मोजनळीने पृथ्वीवरच्या थेंबाएवढंच औषध. नंतर डोळे मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, म्हणजे नळीची वाट बंद. चार्वी घड्याळ धरून उभी राही. पहिल्या दिवशी नाडी अडुसष्टवर राहिली, भोवळ आली नाही. पंधरवड्याने डोळ्यातला दाबही उतरला. डॉक्टरांनी माफी मागितली, आणि तळावरच्या सगळ्या बाटल्यांवरचा 'थेंब' खोडून माप लिहिलं गेलं.

ट्रॉलीच्या बाजूची नजर मात्र परत आली नाही. त्याचा राग दोघींच्याही मनात होता.

"वैद्यबुवा, लिही," आत्याआजी म्हणाली. "तीन आठवडे औषध मी चोरून बंद ठेवलं होतं. आणि परतीच्या यानात माझी जागा ठेवू नका. मी जात नाही."