रंग नाही, वास नाही

परळच्या एका जुन्या गाळ्यात सुभद्राबाईंची पाणी तपासण्याची प्रयोगशाळा होती. राज्य शासनाची मान्यता त्यांनी एकदाही हातची जाऊ दिली नव्हती. काचेच्या भांड्यावर बोटाचा पुसटसा ठसा दिसला, तरी त्यांची एमएस्सी झालेली मदतनीस दर्शना बोलणी खाई आणि ते भांडे पुन्हा घाशी. सुभद्राबाईंच्या सहीला गिरणगावात शब्दाचे नव्हे, शपथेचे मोल होते.

यंदा मान्यतेच्या नूतनीकरणाच्या तोंडावर धातू मोजण्याचे यंत्र बंद पडले. नेमक्या त्याच सुमारास डिलाईल रोडच्या चाळीतली मालन विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आली. नळाचे पाणी पुरेना, म्हणून चाळकऱ्यांना बंद गिरणीची विहीर पुन्हा वापरायची होती. अहवालावाचून पंप बसत नव्हता. यंत्र बिघडल्याची वाच्यता शासनाच्या तपासणीआधी होऊ द्यायची नाही, असे सुभद्राबाईंनी मनाशी ठरवले होते. शिवाय त्या भागातल्या विहिरींचे पाणी त्यांनी उभा जन्म पाहिले होते. बाटलीचे सील न तोडताच त्यांनी अहवाल लिहिला. रंग नाही. वास नाही. चव नाही. शिसे आढळले नाही. खाली वळणदार सही.

चाळीत पंप सुरू झाला. सुभद्राबाई मात्र ती सीलबंद बाटली रोज हातात घेऊन पाहत. चाळीत लहान लहान मुले होती.

यंत्र दुरुस्त होताच ती बाटली त्यांनी स्वतः उघडली. शिसे खरोखरच आढळले नाही. त्या दिवशी त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मग तपासणीसाठी सौमित्र नावाचे शासनाचे अधिकारी आले. असे अधिकारी पाण्याच्या बाटल्या बरोबर आणतात. कशात काय मिसळले आहे, ते त्यांनाच ठाऊक असते. दर्शनाने एकेक बाटली यंत्राला लावली. एकीतही शिसे निघाले नाही.

"बाई, या बाटलीत मी माझ्या हाताने शिसं घातलं होतं," सौमित्र हळूच म्हणाले. मग स्वतःच ओशाळले. घाईत दुसरीच बाटली उचलली असेल, तुमच्याकडे चूक व्हायची नाही, असे म्हणत त्यांनी मान्यतेची शिफारस केली.

ते गेल्यावर दर्शनाने यंत्राच्या कंपनीचे शिशाचे द्रावण लावून पाहिले. त्यातही शिसे नव्हते.

 सुभद्राबाईंनी पेल्यात नळाचे पाणी घेतले आणि ते जांभळे करणाऱ्या परमँगनेटची चिमूट सोडली. खडे तळाशी गेले, विरघळले. पाणी नितळच राहिले. अमोनियाची बाटली त्यांनी नाकाशी धरली. वास आला नाही, डोळ्यांत टिपूसही आले नाही.

"जांभळं दिसतंय का गं तुला?"

"नाही, मॅडम."

स्वतःच लिहिलेल्या अहवालाच्या ओळी मनात घोळवत त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि भर दुपारी डिलाईल रोड गाठला.

मालन दारातच विळीवर बांगडे कापत होती. त्यांना पाहून ती लगबगीने उठली, हात धुऊन आत गेली आणि पेला घेऊन आली. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणे. पेला परत लोटणे सुभद्राबाईंच्या संस्कारात नव्हते. त्यांनी एक घोट घेतला.

"साधं पाणी पुरे होतं, मालन."

"साधा कित्याक? कोकमाचो आगळ घातलंय मां."

कोकमाचा तो लालभडक, आंबट-खारट रस घालूनही पेल्याच्या तळाची नक्षी स्वच्छ दिसत होती. जिभेवर आंबट नव्हते, खारटही नव्हते.

"मालन, ती बाटली मी उघडलीच नव्हती. न तपासता सही केली. हे पाणी कोणी पिऊ नका."

मालन समजूत घातल्यासारखी हसली. "पयलो वाईच गंजाचो वास येय. तुमचो कागद इलो, आणि तोही गेलो."

ती पुन्हा विळीवर बसली. बोलता बोलता हात निसटला. पाते अंगठ्यात खोल गेले.

सुभद्राबाईंनी पुढे होऊन आपला पांढरा पदर त्या जखमेवर घट्ट दाबून धरला.

काही वेळाने पदर काढला.

तो फक्त ओला झाला होता.

"काय नाय, बाय. पाणीच तां," मालन म्हणाली आणि तिने पुढचा बांगडा उचलला.