लाजेचा क्रोकेता

बशीत एकच क्रोकेता उरला होता, आणि टेबलाभोवतीचे सगळे तो दिसतच नसल्यासारखे वागत होते.

स्पेनमधल्या लेओनमध्ये हे असंच चालतं. बारमध्ये छोटी बीअर मागितली की सोबत बशी आपोआप येते, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ असे ते तळलेले गोळे, म्हणजे क्रोकेते, हां हां म्हणता फस्त होतात, पण शेवटच्याला कुणी हात लावत नाही. त्याला म्हणतातच मुळी ‘लाजेचा’. तो उचलणारा हावरट ठरतो, म्हणून भलेभले त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघत हवापाण्याच्या गप्पा मारत राहतात. सातुरच्या बारमध्ये असे कितीतरी लाजेचे क्रोकेते रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात परत येत, आणि ते स्वतःच्या हातांनी वळणारी सातुरची थोरली मुलगी, कामिनो, ते मुकाट्यानं मागच्या दारी मांजरीला घाली.

त्या संध्याकाळी ती बशी उचलायला वाकली, एवढ्यात पलीकडून एक हात आला. लांबसडक बोटं, नखांत निळसर भुकटी. त्या हातानं क्रोकेता उचलला आणि... खाल्ला. सगळ्यांदेखत, डोळे मिटून.

कामिनोची मैत्रीण बेगोन्या ग्लासात तोंड खुपसून हसू लागली.

“तो लाजेचा होता,” कामिनो म्हणाली.

“असं? मला तर हॅमचा लागला.”

“शेवटचा कुणी घेत नाही इथे. हवा होता तर विचारायचं तरी.”

“विचारत बसलो असतो तर गार झाला असता.” त्यानं डोळे उघडले. ते चांगलेच काळेभोर होते. “कुणी केलाय हा?”

कामिनोचे कान लाल झाले आणि बेगोन्यानं तिच्याकडेच बोट दाखवलं.

तो तादेओ. मेक्सिकोतल्या साकातेकासचा, कॅथेड्रलच्या रंगीत काचा दुरुस्त करायला आलेला. सान फ्रोइलानच्या जत्रेपर्यंतचं काम, मग घरी. हे सगळं त्यानं पहिल्याच बीअरला सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला. शेवटचा क्रोकेता हक्कानं उचलायचा आणि खाताना स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा. मांजर उपाशी राहू लागली. कामिनो मात्र, का कोण जाणे, हॅम जरा सढळ हातानं घालू लागली.

एका रविवारी त्यानं क्रोकेते शिकवशील का, असं विचारलं. ती त्याला बारच्या वरच्या मजल्यावर, घरच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. बाहेर बारीक पाऊस लागला होता, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. लोण्यात मैदा परतून त्यात थोडं थोडं दूध घालायचं आणि ढवळत राहायचं, हात थांबला की गाठी झाल्याच. तादेओचा हात भरून आला तेव्हा तिनं डाव धरला... त्यानं मात्र लगेच सोडला नाही.

“आता वळून तळायचे?” त्यानं विचारलं.

“आता उद्यापर्यंत थांबायचं. सारण थंड होऊन घट्ट व्हायला हवं.”

“उद्यापर्यंत कोण थांबतं?”

त्यानं हट्टानं दोन वळले आणि कढईत सोडले. दोन्ही फुटले, सगळं सारण तेलात. कामिनो इतकी हसली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला.

पुढच्या रविवारी त्याची पाळी होती. त्यानं तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या आणि सुक्या लाल मिरच्या खमंग होऊ दिल्या, त्यात शेंगदाणे परतले, वर मीठ भुरभुरलं आणि लिंबू पिळलं. त्याच्याकडच्या बारमध्ये बीअरसोबत हेच मिळतं, आणि घरी त्याची आई हेच करते. सातुरनं वर येऊन वास घेतला आणि शेंगदाणे माकडांनी खावेत असं जाहीर केलं. संध्याकाळी सातुरच्याच कोटाच्या खिशातून लसणाचा वास येत होता, पण बापाला बोलणार कोण?

असे रविवार सरत गेले. कामिनो प्रेमात पडली होती, पार आकंठ. पण तिला लहानपणापासून शेवटची गोष्ट दुसऱ्यासाठी ठेवायची सवय होती. गाडीतली खिडकी धाकट्या बहिणीची. माद्रिदला शिकायला जायचं तेही बहिणीनंच, कारण बार सांभाळायला कुणीतरी थांबायला हवं होतं. मला हे हवंय, असं वाक्य कामिनोच्या तोंडून कधी बाहेरच पडलं नव्हतं.

आणि जत्रा आली. रस्त्यावर ढोल वाजत होते, बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी तादेओ निघणार होता. कामिनोनं खास क्रोकेते केले होते, आत तोच मिरची-लसूण आणि शेंगदाण्यांचा कूट. लोक बोटं चाटत होते.

बेगोन्यानं तिला कोपऱ्यात ओढलं. कॅथेड्रलच्या मुकादमानं तादेओला उरलेल्या खिडक्यांसाठी थांबायला सांगितलंय, आणि हा पठ्ठ्या उद्या सकाळी सांगतो म्हणालाय, असं तिनं कानात सांगितलं. कामिनो टेबलाशी आली.

“तू परत गेलास की... आईला बरं वाटेल,” ती म्हणाली. मनात होतं त्याच्या अगदी उलट.

“हो... वाटेल,” तो म्हणाला आणि ग्लासाकडे बघत राहिला.

बशीत एकच क्रोकेता उरला. सवयीनं सगळ्यांनी तादेओकडे पाहिलं. त्याचा हात पुढे आला... आणि थांबला. त्यानं हात परत खिशात घातला आणि हवा किती गार झालीय असं म्हणाला.

अगदी लेओनच्या माणसासारखं.

कामिनोला हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली. हा इथली लाज शिकला. आता दोघंही शहाण्यासारखे बघत राहणार, आणि सगळं गार होणार. तिनं हात पुसले, क्रोकेता उचलला आणि सगळ्यांदेखत पूर्ण खाल्ला. मिरची नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं.

“मला हवा होता,” ती म्हणाली. आवाज कापला, पण थांबला नाही. “आणि तूही हवा आहेस. खिडक्यांसाठी थांबू नकोस, माझ्यासाठी थांब.”

ढोल बाहेर वाजत होते, आत कुणी हललं नाही.

“मी केव्हाचा थांबायला तयार होतो,” तादेओ हळूच म्हणाला. “पण मला वाटलं, इथे विचारल्याशिवाय काही घ्यायचं नसतं.”

“मग विचार.”

“घेऊ?”

तिनं मान डोलावली, आणि त्यानं तिचा हात हातात घेतला, तेलकट होता तसाच. बेगोन्या टेबल बडवू लागली, आणि सगळा बार ओरडला.

सातुरनं काउंटरवरून पुढे येऊन बशी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि नाक ओढलं.

“रिकामी,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या पोरीच्या हातानं.” मग त्यानं खिशातून मूठभर शेंगदाणे काढून त्या बशीत ओतले आणि ती दोघांच्या मधोमध ठेवली.