चाळीस नंबरचा पत्ता

"शाळेच्या टाकीचं पाणी मी नापास केलं, वहिनी! बुधवारी दुपारी सव्वाला कोणीतरी ते पास केलं. बदल माझ्या कॉम्प्युटरवरून झाला म्हणे, उद्या मलाच घरी बसवणार. शाळेला ओरडून सांगितलं, पण कागदावर 'योग्य' आहे ना!"

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली तपासनीस संतापून सांगत होती. वहिनी, म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी, खासगी तपास करायच्या. सोबतीला धाकटे दीर. त्यांचं डोकं जरा सावकाश चालायचं.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलाशी प्लगची जागा एकच होती.

"एकला कॉम्प्युटर बंद करून तिथेच डबा गरम करते," ती म्हणाली. "सगळे हसतात मला. मंगळवारी डबा विसरले, तेवढाच खाडा."

नेटवर्क सांभाळणाऱ्या तंत्रज्ञानं हात झटकले. "प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी पत्ता असतो. रेकॉर्ड तो पत्ता बघूनच दार उघडतं. बदल चाळीस नंबरवरून झाला, चाळीस हिचा. विषय संपला."

"या आठवड्यात कुणाची तक्रार?" वहिनींनी विचारलं.

"मंगळवारी दुपारी साहेबांच्या स्क्रीनवर 'पत्ता आधीच वापरात आहे' असा इशारा आला. मी पोचेपर्यंत गेला होता."

"सेटिंगचा पासवर्ड?"

"माझ्याकडे आणि साहेबांकडे."

साहेब भलतेच मधाळ. "मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही हो. टाकी माझ्या साडूनं बांधलीय, म्हणून जिवाला लागलं."

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"भावोजी, एका कॉम्प्युटरला स्वतःच्या पत्त्यावर आणखी एक पत्ता जोडता येतो. पण त्याचा खरा धनी चालू असला की टक्कर होते, इशारा येतो. मंगळवारी डबा नव्हता, हिचा कॉम्प्युटर चालूच राहिला, डाव फसला. बुधवारी डबा आला आणि चाळीस नंबर मोकळा झाला!"

"म्हणजे इशारा ज्यांच्या स्क्रीनवर..." भावोजी साहेबांकडे बघतच राहिले.

"पत्ता बदलतो, कॉम्प्युटरच्या आतल्या नेटवर्क कार्डाचा नंबर नाही. बुधवारी सव्वाला चाळीस कुठल्या कार्डावर होता, बघ रे."

तंत्रज्ञानं नेटवर्कच्या नोंदी चाळल्या. त्याची मान खाली गेली. "साहेबांच्या. मी बघितलंच नव्हतं."

"साडूचं बिंग फुटू नये म्हणून एका गरिबाच्या नावावर पाप!" वहिनी कडाडल्या.

साहेबांनी तिच्या बडतर्फीचं तयार ठेवलेलं पत्र टराटरा फाडलं. "झालं गेलं विसरा, ताई. नोकरी शाबूत आहे तुमची."

"नोकरी? पोरं अजून तेच पाणी पितायत! लाज नाही वाटत?" तपासनीसनं फोन त्यांच्यापुढे आदळला. "नळ बंद करा म्हणून सांगा शाळेला. तुमच्या तोंडानं."

साहेबांनी नंबर फिरवला. पलीकडून 'हॅलो' आलं. "प्रयोगशाळेतून बोलतोय..."

"तसं नाही," ती म्हणाली. "आधी स्वतःचं नाव सांगा."