वाटाड्याचे तीन दगड

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. एल्डन हॅस्कल खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. तो एकदा बोलला. त्याचीच ही गोष्ट.

तारीख चौदा ऑक्टोबर, दुपारचे चार. जागा, वायोमिंगमधलं एल्डनचं रान. जवळचा पेट्रोल पंप पन्नास मैलांवर, आणि तोही बहुतेक बंद.

या रानात, रस्त्यापासून दोन मैल आत, ॲम्ब्रोज तेत्रो पुरलेला होता. जुन्या काळातला वाटाड्या. तांडेच्या तांडे त्याने डोंगरापार नेले. थडग्याच्या दगडावर एकच ओळ होती: ‘याने वाटेत कुणाला हरवू दिलं नाही.’

लोक थडगं बघायला येत आणि जाताना फाटक उघडं टाकत. गुरं थेट रस्त्यावर. आमच्याकडे माणूस मारला तर लोक आधी कारण विचारतात. फाटक उघडं टाकलं तर कारणही विचारत नाहीत.

एकोणीस वर्षांपूर्वी एल्डनने तो दगड उपटला, पिकअपमध्ये घातला आणि रस्त्याच्या कडेला आणून रोवला. जड दगड. दोन माणसांचा.

"बाहेरच्यांना दगडाशी मतलब," तो म्हणाला. "खाली ॲम्ब्रोज आहे की बटाटे, कोण बघतंय?"

बघणारी एकच होती. ओर्फा तेत्रो, ॲम्ब्रोजची पणती, शोशोनी आदिवासींच्या वस्तीवरची. लहानपणी एकदा आलेली; दगड हलवला त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात यायची, त्यांच्या रीतीप्रमाणे दगडापाशी तंबाखूची चिमूट ठेवायची आणि बसून राहायची. एल्डन तिला घडीची खुर्ची द्यायचा, कॉफी द्यायचा. मनात खोट असलेला माणूस पाहुणचारात कमी पडत नाही.

पहिल्याच वर्षी ती म्हणाली, "लहानपणी इथून डोंगराचा सुळका दिसायचा रे."

"मध्ये झाडं वाढली."

"कुठली झाडं?"

त्या रानात गुडघ्याच्या वर काही उगवत नाही.

"मग तुमचे डोळे गेले असतील, ओर्फाबाई."

"असेल बाबा. तुझी ही कॉफी पिऊन डोळेच गेले, जीव गेला नाही, हे नवल."

तिने मानलं. दर वर्षी यायची, डोळे चोळायची आणि पुन्हा बघायची.

यंदा सप्टेंबरात ती वारली. तिची भाची लॉरीन रक्षेची पेटी घेऊन आली. म्हातारीची इच्छा एकच... पणजोबांच्या पायाशी.

दगडाशेजारी खड्डा एल्डननेच खणला. त्याची बायको व्हर्ना कानाशी लागली. "एल्डन, आत्ता सांग."

"वारा फार आहे," एल्डन म्हणाला, आणि पेटीवर माती लोटली.

मग ती चौदा तारीख.

बर्फ भुरभुरत होता. एल्डन बाहेर आला तर... फाटक उघडं.

बर्फात पाऊल एकही नाही.

त्याने साखळी लावली. वळला. मागे...

खळ्.

पुन्हा उघडं.

फाटकातून त्याची नजर रस्त्याकडे गेली. दगडापाशी घडीची खुर्ची मांडलेली होती. ती तर गोठ्यात टांगलेली असते. तो जवळ गेला. खुर्चीच्या पाठीवर बर्फ, खुर्चीच्या हातांवर बर्फ...

बसायची जागा तेवढी कोरडी.

एल्डनने कुदळ आणली. पेटी उकरून काढली, कोटाच्या आत घेतली.

"चला, ओर्फाबाई. पोचवतो."

पण कुठे? दगड उपटला तेव्हा त्याने मागे खूण ठेवलीच नव्हती. एकोणीस वर्षांत रान सगळं एकसारखं झालेलं.

तेवढ्यात दिसले... तीन दगड. एकावर एक, उतरंडीसारखे. वाटाड्यांची जुनी खूण. पुढे आणखी तीन. पुढे आणखी.

तो मान खाली घालून खुणांमागे चालला. तासभर. शेवटच्या तीन दगडांशी मान वर केली...

समोर त्याच्याच स्वयंपाकघराचं दार. दारात व्हर्ना.

"एकटाच? मग इतका वेळ बोलत कुणाशी होतास?"

एल्डनने तासाभरात चकार शब्द काढला नव्हता.

त्यानंतर तो चारदा गेला. चारही वेळा खुणांनी घरीच आणून सोडलं.

पेटी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तिथून सुळका दिसतो. लॉरीनचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. परवा मी गेलो तेव्हा व्हर्ना म्हणाली, "फोन कर तिला. एकदाचं सांगून टाक."

एल्डन कप पुसत राहिला. "वारा फार आहे."

बाहेर गवताचं पातं हलत नव्हतं. साखळी मात्र...

खळ्.

मी त्याला बोलणार कुठल्या तोंडाने? तो दगड दोन माणसांचा होता, हे मी मघाशी सांगितलंच. दुसरं टोक माझ्या हातात होतं. जागा मलाही आठवत नाही.

आज सकाळी माझ्या दाराबाहेर तीन दगड होते. मी पायाने पाडले.

दुपारी बघतो तर पुन्हा रचलेले...

उंबऱ्याच्या आत.