झाकणाच्या आतलं नाव

“थांबा… त्या समईला मशीन लावू नका.”

एवढं म्हणून त्या माणसानं सरळ माझं मनगटच धरलं. नव्वद सालची गोष्ट. उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, शेठच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर टेबल टाकून मी भांड्यांवर नावं घालायची. लोक जुनं पितळ मोडीत घालायचे, स्टील न्यायचे, आणि माझी मशीन दिवसभर घुर्र करायची. पण मनगट आजवर कुणी धरलं नव्हतं.

“शंभर वर्षांचं काम आहे हे. त्या हंसाचे पंख तर बघा. यावर नवा ओरखडा म्हणजे पाप.”

“पाप तुमचं, गिऱ्हाईक माझं,” मी म्हटलं. “आणि हात सोडा आधी.”

सोडला… पण जरा सावकाशच.

गुरुदत्त त्याचं नाव. बदलापूरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. मग दर रविवारी यायला लागला. मोडीच्या ढिगातून नक्षीचे अडकित्ते, अत्तरदाण्या शोधायचा, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्यांची चित्रं काढायचा. ही वेलबुट्टी कुठल्या गावची, हा मोर कुणाच्या हातचा, असलं काहीबाही विचारत सगळा बाजार पालथा घालायचा. दुपारी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मात्र न विचारता खायचा.

“उमा, ये मास्तर कबाड देखने आता है, या तुझे?” शेठ चिडवायचे.

मी मान खाली घालून मशीन सुरू करायची. पण मला वाटायचं, मलाच.

आणि एका रविवारी साहेब आले ते स्कूटरवर, मागे एक मुलगी बसवून. पोपटी साडी, डोळ्यांना गॉगल, आणि हात त्याच्या खांद्यावर. निवांत, जसा काही तिच्या मालकीचाच खांदा.

“ही मीनल,” तो म्हणाला.

“ह्याच का त्या?” मीनल माझ्याकडे बघून हसली. तिचं ते हसणं मला अज्जिबात आवडलं नाही.

त्यानं पिशवीतून पितळेचा पानाचा डबा काढला. मोराची कडी, चहूबाजूंनी द्राक्षांची वेल. झाकण उघडून माझ्यासमोर धरलं. “याच्या आत मीनलचं नाव घालायचंय. तुम्हीच घाला, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.”

“नवा ओरखडा म्हणजे पाप ना, मास्तर?”

“हा वेगळा. हा आमच्या घरातला. घरात सून आली की तिचं नाव इथं चढतं. ही पणजी द्रौपदी, ही आजी चांगुणा, ही आई, कुंदा. आता मीनल.”

मीनल लाजली. मेली लाजतानाही छान दिसत होती.

“लग्न कधी?” मी विचारलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

“तुळशीचं लग्न झालं की लगेच, अंबरनाथला. तुम्ही यायचंच हं.”

दोघं बांगड्या घ्यायला गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्षभर चटणी माझी खायची, आणि नाव हिचं? तेही माझ्याच हातानं? मशीन सुरू केली. सुई टेकवली. ‘म’ काही उमटेना… आणि मग उमटलं ते सरळ, ठसठशीत – उमा. कुंदाच्या बरोब्बर खाली.

मशीन बंद केल्यावर कळलं, काय करून बसले ते.

तो एकटाच परत आला. झाकण उघडलं. नावावरून हळूच बोट फिरवलं.

“हे काय?”

“वाचता येतं ना तुम्हाला?”

“मग मीनल कुठंय?”

“मला काय माहीत? तुमच्या स्कूटरवर होती.” आणि मग मला राहवेना. “मी नाही घालणार तिचं नाव. तुम्ही मला आवडता म्हणून नाही घालणार. झालं समाधान? आता जा, शेठला सांगून मला कामावरून काढायला लावा.”

तो स्टुलावर बसला.

“मीनल माझ्या दादाची होणारी बायको आहे, उमा. श्यामकांतदादाची. त्याची आनंदनगरला कारखान्यात रविवारची ड्यूटी… म्हणून तिला मी फिरवतोय.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. “घासून काढते,” म्हणत मी पॉलिश पेपर उचलला.

त्यानं माझं मनगट धरलं. दुसऱ्यांदा.

“थांब. आमच्या घरात चढलेलं नाव कुणी पुसत नाही.” तो पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होता. “मला तर हेच हवं होतं. विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून दर रविवारी मोड उपसत बसायचो. आता मीनल खाली घाल.”

“मोठी जाऊ खाली? बरं दिसेल का ते?”

“धाकटीनं आधी नंबर का लावला, ते आता तूच घरी येऊन आईला सांग.”

या वेळी मी हात सोडा म्हटलं नाही, आणि त्यानंही सोडला नाही. मीनलचं नाव डाव्या हातानंच घालावं लागलं मला. जरा वाकडं आलंय. जाऊबाई अजून ऐकवतात त्यावरून.