श्रीची चौकट

संध्याकाळी सहाला जायच्या मेल रोज सकाळी अकरालाच लिहून तयार असत. नागपूरच्या त्या फुप्फुस-रुग्णालयातून प्रत्येक रुग्णाच्या घरी रोज एक मेल जाई, आणि ती कुणी माणूस लिहीत नसे. वैजयंती डहाकेच्या टेबलावरच्या संगणकात ‘निरोप्या’ नावाचा प्रोग्रॅम होता. रुग्णाच्या छातीवरच्या पट्टीकडून तो आकडे घेई, संध्याकाळपर्यंत काय घडेल याचा अंदाज बांधी आणि त्याप्रमाणे मेल रचून ठेवी. पिवळी किनार, ठळक नाव, खाली डॉक्टरांची सही, सगळं जिथल्या तिथे. या आगाऊ लिहिलेल्या मेलला ‘पूर्वमसुदा’ म्हणत. अंदाज चुकला तर मसुदा बदलायचा, एवढंच. वैजयंतीचं काम शुद्धलेखन तपासून मंजुरी देण्याचं.

एकदा मृत्यूच्या मेलवर लाल अक्षरांत ‘॥ श्री ॥’ गेला आणि त्या घरून अशा शिव्या आल्या की विचारू नका. राग रास्तच होता. अशुभ पत्रावर श्री घालत नाहीत, हे निरोप्याला कोण शिकवणार? वैजयंतीनेच मग प्रत्येक मसुद्याला एक चौकट जोडून दिली: श्री हवा की नको. तिला शाबासकीही मिळाली.

त्या मंगळवारी सातव्या खाटेचा मसुदा तिच्याच नावे होता. तिचे यजमान मोरेश्वर चार दिवसांपासून त्या खाटेवर होते. मसुद्यावर श्री नव्हता.

ती धावत डॉ. केळापुऱ्यांकडे गेली. अंदाजाचं गणित त्यांनीच बसवलेलं.

“अंदाज आहे, डहाकेताई. साठ टक्के.”

“म्हणजे चाळीस टक्के वाचतील ना? मग तोंड काहून पाडून राहिले तुम्ही?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “श्वासयंत्रं चौदा आहेत, गरजू पंधरा. यंत्र कुणाला द्यायचं, हे रोज चारला दुसरा एक प्रोग्रॅम ठरवतो. जुन्या नोंदी चाळून तो आपला आपणच शिकला. हजारो आकड्यांत त्याला एक सरळ हो-नाही सापडलं. श्री असलेले जगतात, नसलेले मरतात. म्हणून श्री नसलेल्याचं यंत्र तो काढून घेतो.”

“माझी चौकट?”

“हो.”

“अहो, पण ती पत्राची रीत होती नुसती!”

“तुमच्या-माझ्यासाठी. आधी आमचा अंदाज शंभरात साठ वेळा खरा ठरायचा, आता अठ्ठ्याण्णव वेळा ठरतो. वर सांगून पाहिलं मी. म्हणाले, इतका अचूक प्रोग्रॅम दुसरीकडे नाही, हात लावू नका.”

करायला गेले गणपती अन् झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. वैजयंतीला साधं रडूही फुटेना. ती खुर्चीवर परतली आणि सातव्या खाटेच्या चौकटीत तिने ‘हवा’ केलं. निरोप्याने निमूट ऐकलं. चारला मोरेश्वरांचं यंत्र आता निघणार नव्हतं.

मग अकराव्या खाटेचा श्री गेला. यंत्र एक कमीच होतं. आता ते तिथून निघणार, म्हणून निरोप्याने अंदाज बदलला होता. वैजयंतीने तिथेही ‘हवा’ केलं. तिसऱ्या खाटेचा गेला. तिसऱ्याचा परत आणला, तर पुन्हा अकराव्याचा. स्वतःच्या बोटांची तिला भीती वाटू लागली. सातव्याकडे ती बोटं एकदाही वळली नाहीत, हे तिचं तिलाच दिसत होतं आणि त्याची तिला किळस आली.

चारला दहा मिनिटं होती. अकराव्या खाटेवर रजनी ठवरे होती, वय एकोणीस. तिची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. वैजयंतीने मसुदा उघडून वाचला. एका जागी ‘तिची’ऐवजी ‘त्याची प्राणज्योत’ असं पडलं होतं.

तिने ते दुरुस्त केलं आणि मंजुरी दिली.